संगणकाची अंकलिपी

संख्या आणि तिचे लेखन

संख्या आणि संख्येचे लेखन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. व्यवहारात त्यांची इतकी गल्लत झालेली असते की त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. दोन माणसांचे पटेनासे झाले म्हणजे त्यांचा 'छत्तीसचा आकडा' आहे असे मराठीत म्हणतात. देवनागरीतील ३ आणि ६ ही चिन्हे एकमेकांकडे पाठ करून बसलेली दिसतात, म्हणून ही म्हण. परंतु हे वैर छत्तीस या संख्येत नाही. ते तिच्या लेखनात आहे. छत्तीस आंबे टोपलीत ठेवले तर त्यांत भांडखोर असे काहीच आढळत नाही. तीच संख्या रोमन लिपीत लिहिली, अथवा जमिनीवर छत्तीस रेघा ओढून दाखविली, तर म्हणीचा अर्थच नाहीसा होतो. संख्या मात्र जशीच्या तशी राहते.

ज्या प्रदेशाच्या नावातच ही संख्या आहे त्या छत्तीसगडात, दुर्गच्या शेजारी भिलाई हे पोलादाचे नगर आहे. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि पुढे मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गाने तो महाराष्ट्राशी जोडला गेला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यतः याच कारखान्यात तयार होतात. अशा कारखान्यात तापमान, लांबी, वजन, वेळ आणि वेतन यांचे असंख्य आकडे दररोज निर्माण होतात व आज ते सर्व संगणकाच्या स्वाधीन केलेले असतात. हे आकडे संगणकाच्या आत कोणत्या रूपाने नांदतात, ते रूप कोठे विश्वासार्ह असते आणि कोठे नसते, हे समजून घेण्यास भिलाईचे उदाहरण फार सोयीचे आहे.

स्थानिक किंमत

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन काळातील एक प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, नाणी इत्यादी दानांची त्यात नोंद असून संख्या ब्राह्मी अंकांत कोरलेल्या आहेत. भारतातील अंकलेखनाचा तो एक अतिशय जुना पुरावा होय. त्या लेखात दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. चारशे लिहावयाचे असल्यास शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले आहे. शून्य मात्र तेथे नाही. कारण त्या पद्धतीत शून्याची गरजच पडत नाही.

पुढे भारतात जी पद्धत विकसित झाली तिच्यात चिन्हाची किंमत त्याच्या जागेवरून ठरू लागली. ४४४ या लेखनात एकच चिन्ह तीनदा आले आहे, परंतु उजवीकडच्या चाराची किंमत चार, मधल्याची चाळीस आणि डावीकडच्याची चारशे आहे. दर्शनी किंमत एक आणि स्थानिक किंमत निराळी, ही ती कल्पना. एखादी जागा रिकामी आहे हे दाखविण्यासाठी चिन्ह हवे, म्हणून शून्य आले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आढळते.

या पद्धतीत प्रत्येक स्थान उजवीकडच्या स्थानाच्या दसपट असते. दहा हा तिचा पाया होय. दहाच का, याचे उत्तर गणितात सापडत नाही; ते हाताच्या बोटांत सापडते. दोन, चार, आठ, सोळा, किंबहुना एकाहून मोठी कोणतीही पूर्णांक संख्या पाया म्हणून घेता येते. नियम एवढाच की पाया जितका असेल तितकी निरनिराळी चिन्हे लागतात आणि प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या तितक्या पट होते.

सोळा आण्यांचा रुपया

पाया दहाचा नसला तर व्यवहार कसा चालेल, अशी शंका मराठी वाचकाला तरी वाटू नये. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया होत्या. शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा अदपाव, त्याचा अर्धा छटाक. दर वेळी निम्मे करीत जाण्याची ही रीत होती. शाळेत मुले पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करीत ती याच हिशेबासाठी. 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार त्या नाण्यांच्या मागे उरला आहे.

जमाखर्चाच्या वहीत आणे लिहिण्याची पद्धत याहूनही उद्बोधक होती. पाव रुपयासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन. त्यापुढे एक, दोन किंवा तीन आडव्या रेघा; प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक आणा. तेरा आणे लिहावयाचे तर तीन उभ्या व एक आडवी रेघ येई, कारण तीन पावल्यांचे बारा आणे आणि वर एक. चार आडव्या रेघा कधीच येत नसत. चार झाल्या की त्यांची एक उभी होई. दहा एककांचा एक दशक होतो तसाच हा हातचा होय. म्हणजे दुकानदाराच्या वहीत रुपयाच्या उजवीकडे चार हा पाया असलेली अंकपद्धती नांदत होती आणि ती वापरणाऱ्याला तिचे नाव ठाऊक असण्याची आवश्यकता नव्हती.

दोनच चिन्हे

संगणकाने सर्वांत लहान पाया पत्करला आहे. त्याच्याजवळ ० आणि १ ही दोनच चिन्हे आहेत. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात आणि तिच्यातील एका अंकाला बिट असे नाव आहे. येथे स्थानांच्या किमती उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा दुपटीने वाढत जातात. १००१०० या द्विमान लेखनात बत्तिसाच्या आणि चाराच्या स्थानी १ आहे, म्हणून ती संख्या छत्तीस. म्हणीतील पाठमोरे आकडे येथे नाहीसे झाले. संख्या तीच राहिली.

दोन चिन्हांनी सर्व काही सांगता येते हा विचार भारतात जुना आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू आणि गुरू या दोनच अक्षरभेदांवरून सर्व वृत्ते मांडण्याची रीत दिली आहे. अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, हे शोधण्यासाठी क्रमांक निम्मा करीत जाण्याची युक्तीही तेथे आहे. तीन अक्षरांचे जे य, र, त, न, भ, ज, स, म असे आठ गण शाळेत शिकविले जातात, ते आठच का, याचे उत्तर दोन गुणिले दोन गुणिले दोन हे होय. अर्थात पिंगलाने या मांडणीने बेरीज-वजाबाकी केली नाही. शून्य आणि एक यांचे अंकगणित लायब्निट्झ या जर्मन गणितज्ञाने १७०३ मध्ये प्रसिद्ध केले. विजेच्या कळांच्या जुळणीने ते प्रत्यक्षात कसे आणता येते, हे क्लॉड शॅनन या अमेरिकन संशोधकाने १९३७ साली दाखविले.

यंत्राला दोनच चिन्हे का मानवतात? कळ बंद असते किंवा चालू असते. विद्युत्दाब कमी असतो किंवा जास्त असतो. दहा चिन्हे ठेवावयाची तर दाबाच्या दहा पातळ्या अचूक ओळखाव्या लागतील, आणि उष्णतेने वा कंपनाने पातळी किंचित ढळली तरी सातचा आठ होईल. दोनच पातळ्या असल्या म्हणजे त्यांच्यामध्ये मोठे अंतर ठेवता येते आणि किरकोळ गडबड पचून जाते. तरीही द्विमान पद्धती हा निसर्गनियम नव्हे. अमेरिकेतील १९४५-४६ चा एनिॲक संगणक दहाच्या पायावर चालत असे. भिलाईत झोतभट्टी उभी राहत होती त्याच सुमारास मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव यांनी 'सेतुन' नावाचा संगणक बांधला. त्याचा पाया तीन होता आणि त्याचे अंक उणे एक, शून्य आणि एक असे होते. अशी सुमारे पन्नास यंत्रे तयार झाली. पुढे मात्र द्विमान यंत्रांचाच प्रसार झाला.

दशमान संख्या द्विमानात लिहिण्याची रीत सोपी आहे. संख्येला दोनाने भागीत जावे, दर वेळची बाकी लिहून ठेवावी आणि शेवटी बाक्या उलट क्रमाने वाचाव्यात. भिलाईहून रेल्वेला पाठविल्या जाणाऱ्या जोडरुळांची लांबी २६० मीटर असते. १३० मीटर लांबीचे दोन अखंड रूळ जोडून ते तयार होतात. २६० चे निम्मे १३०, बाकी ०. त्याचे ६५, बाकी ०. त्याचे ३२, बाकी १. पुढे १६, ८, ४, २ आणि १, या पाचही वेळी बाकी ०. शेवटी एकाचे निम्मे करता ०, बाकी १. बाक्या उलट वाचल्या म्हणजे १००००१००० नव्हे, तर १०००००१०० असे लेखन मिळते. पडताळा घेतल्यास २५६ आणि ४ यांची बेरीज २६० येते. शून्ये मोजताना चूक होणे किती सोपे आहे, हेही या उदाहरणावरून दिसते.

म्हणूनच माणसांच्या सोयीसाठी बिटांचे गट पाडतात. तिनांचे गट पाडले म्हणजे आठ हा पाया मिळतो. चारांचे पाडले म्हणजे सोळा. सोळाच्या पायात दहा ते पंधरा यांसाठी चिन्हे कमी पडतात, म्हणून ए, बी, सी, डी, ई, एफ ही रोमन अक्षरे घेतात. पहिल्या झोतभट्टीचे वर्ष १९५९ द्विमानात ११११०१००१११ असे होते. चारांचे गट ०१११, १०१०, ०१११. म्हणजे सोळाच्या पायात ७ए७. तिनांचे गट ०११, ११०, १००, १११. म्हणजे आठच्या पायात ३६४७. चारही लेखने एकाच वर्षाची आहेत.

ठरावीक घरे

कागदावर लिहिणाऱ्याला जागेची चिंता नसते. संख्या मोठी झाली तर तो आणखी एक अंक लिहितो. संगणकात प्रत्येक संख्येसाठी आधीच ठरावीक घरे राखलेली असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या भारतीय संगणकात एका संख्येला ४० बिट होते. आजच्या यंत्रांत आठ बिटांचा एक बाइट आणि त्याच्या दुप्पट, चौपट, आठपट, म्हणजे १६, ३२ व ६४ बिट, अशी घरे असतात.

एका बाइटात ० पासून २५५ पर्यंतच्या २५६ संख्या मावतात. समजा, एखाद्या नोंदणीत रुळाची लांबी एका बाइटात ठेवण्याची व्यवस्था केली. १३० मीटरचा रूळ तीत नीट मावेल. २६० मीटरचा जोडरूळ मात्र नऊ बिट मागतो. यंत्र उजवीकडची आठ घरे भरते आणि डावीकडचा १ गळून पडतो. उरते ०००००१००, म्हणजे चार. अडीचशे मीटरहून लांब, मीटरला सुमारे ६० किलो या मानाने साडेपंधरा टनांहून जड असा रूळ नोंदवहीत चार मीटरचा तुकडा होऊन बसतो. चूक किंचित झाली असती तर ती शंकेला जागा देती. ही चूक किंचित नाही आणि तरीही यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे अगदी बिनचूक काम केलेले आहे.

याला 'घर ओसंडणे' म्हणता येईल. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांच्या घरात घालण्याचा आदेश होता. आधीच्या एरियान-४ या अग्निबाणात ती संख्या कधी मोठी होत नसे. नवा अग्निबाण अधिक वेगवान होता. संख्या घरात मावली नाही, यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. आदेश जुन्या यानासाठी योग्य होता. नव्यासाठी तो कोणी तपासून पाहिला नव्हता.

असाच एक प्रसंग पुढे येणार आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांची मोजदाद ठेवतात. ही मोजदाद जेथे ३२ बिटांत, ऋण संख्यांसह, ठेवलेली आहे, तेथे २,१४,७४,८३,६४७ ही तिची कमाल मर्यादा होय. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल. त्यानंतरच्या सेकंदाला असे यंत्र डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवील. ६४ बिटांचे घर घेतले म्हणजे हा प्रश्न राहत नाही. परंतु जुनी यंत्रे कोठे कोठे चालू आहेत याचा शोध वेळीच घ्यावा लागतो.

ऋण संख्या

संगणकात वजाबाकीचे चिन्ह नसते. तेही बिटांनीच दाखवावे लागते. मोटारीच्या किलोमीटर-दर्शकाची कल्पना येथे उपयोगी पडते. दर्शकावर सर्व शून्ये असताना तो एक घर मागे फिरविला तर सर्व नऊ दिसतात. म्हणजे सर्व नऊ हे उणे एकाचे काम करू शकतात. आठ बिटांत त्याचप्रमाणे ११११११११ हे उणे एक मानतात. नियम असा : संख्येतील प्रत्येक ० चा १ आणि १ चा ० करावा व आलेल्या संख्येत १ मिळवावा. तीन म्हणजे ००००००११, उलटल्यावर ११११११००, एक मिळविल्यावर ११११११०१. हे उणे तीन. त्यात पाच, म्हणजे ०००००१०१, मिळविले तर १००००००१० येते. नववा बिट घरात मावत नाही म्हणून गळतो व ००००००१० उरते. उत्तर दोन, आणि ते बरोबर आहे. मघाशी ज्या गळतीने रूळ आखूड केला तीच येथे वजाबाकी साधून देते. बेरजेच्या एकाच यंत्रणेत दोन्ही क्रिया होतात, हा या रीतीचा मोठा लाभ. तिला द्विपूरक पद्धत म्हणता येईल. तिच्यात आठ बिटांत उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या संख्या मावतात.

या पद्धतीतून एक महत्त्वाचा धडा मिळतो. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या वितळलेल्या लोखंडाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सियस असते. १५०० चे द्विमान लेखन १०१११०१११०० असून ते अकरा बिटांचे आहे. त्याचे शेवटचे आठ बिट तेवढे ठेवले तर ११०१११०० उरते. साधी संख्या म्हणून वाचल्यास ते २२० होय. द्विपूरक पद्धतीने वाचल्यास ते उणे छत्तीस होय. म्हणजे रसरशीत वाहणारे लोखंड गोठणबिंदूच्याही छत्तीस अंश खाली असल्याची नोंद होईल. आठ बिटांची एकच ओळ, तिचे दोन अर्थ. बिटांच्या ओळीला स्वतःचा अर्थ नसतो. तो वाचण्याच्या कराराने येतो. लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा करार एक नसेल तर प्रत्येक बिट शाबूत असूनही संख्या खोटी ठरते.

अपूर्णांक

दशमान लेखनात दशांशचिन्हाच्या उजवीकडे दहावा भाग, शंभरावा भाग असे क्रमाने येतात. द्विमानात तेथे निम्मा, पाव, आठवा, सोळावा भाग असे येतात. हे भाग मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत : आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा. तेरा आणे म्हणजे आठ, चार आणि एक. म्हणून द्विमानात ते ०.११०१. वहीतील तीन उभ्या रेघा म्हणजे ११ आणि एक आडवी रेघ म्हणजे ०१. जुन्या जमाखर्चातील प्रत्येक स्थान संगणकाच्या दोन बिटांशी नेमके जुळते. एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंतची प्रत्येक रक्कम चार बिटांत पूर्णपणे अचूक मांडता येते. एक जुना पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, हाही सहा बिटांत अचूक बसतो. फक्त पईत तिनाने भागणे येते म्हणून ती बसत नाही.

याउलट नव्या पद्धतीतील दहा पैसे घेतले तर विलक्षण अडचण उभी राहते. एक दशांश द्विमानात ०.०००११००११००११००११… असा होतो आणि तो कधीच संपत नाही. एक तृतीयांश दशमानात ०.३३३… असा लांबत जातो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. रुपयाखालच्या ९९ पैशांच्या रकमांपैकी २५, ५० आणि ७५ पैसे एवढ्या तीनच द्विमान अपूर्णांकात अचूक मांडता येतात. बाकीच्या ९६ रकमा कोठेतरी तोडाव्याच लागतात. १९५७ च्या सुधारणेने माणसाचा हिशेब सोपा केला. दोनाच्या पायावर चालणाऱ्या यंत्राला मात्र जुने आणे अधिक जवळचे होते.

तोडलेला भाग अतिशय लहान असतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे या दुर्लक्षाची किंमत मोजावी लागली. तेथील पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा काळाची मोजदाद सेकंदाच्या दहाव्या भागांत करीत असे आणि सेकंद काढण्यासाठी त्या संख्येला एक दशांशाने गुणीत असे. हा एक दशांश २४ बिटांच्या घरात तोडून ठेवलेला होता. दर गणनेत होणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही किंचित कमी होती. परंतु यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. शंभर तासांत सेकंदाचे ३६ लाख दहावे भाग येतात. तितक्यांदा साठून चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. येणारे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येत होते. यंत्रणेने त्याला अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूरच्या जागी शोधले आणि तेथे ते सापडले नाही. ते सैनिकांच्या निवासस्थानावर पडून २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले.

फार मोठे आणि फार लहान

शास्त्रीय गणितात एकीकडे कोट्यवधी आणि दुसरीकडे कोट्यंश अशा संख्या एकत्र येतात. त्यांच्यासाठी चल-बिंदू पद्धत वापरतात. संख्येचे महत्त्वाचे अंक एका बाजूस आणि बिंदूचे स्थान सांगणारा घातांक दुसऱ्या बाजूस ठेवतात. १९८५ साली यासाठी आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले. त्यात कॅनडात जन्मलेले गणितज्ञ विल्यम काहन यांचा मोठा वाटा होता. त्यातील ३२ बिटांच्या संख्येत एक बिट धन-ऋण चिन्हाला, आठ घातांकाला आणि २३ मुख्य अंकांना दिलेले असतात. पहिला अंक नेहमी १ असतो असे धरल्यामुळे २४ बिटांची अचूकता मिळते.

या रचनेची मर्यादा एका हिशेबाने स्पष्ट होईल. भिलाईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. म्हणजे १०० कोटी किलो. समजा, वर्षाचे उत्पादन किलोंमध्ये, ३२ बिटांच्या चल-बिंदू घरात साठवीत नेले. १०० कोटींच्या आसपास या पद्धतीत लगतच्या दोन संख्यांमधील अंतर ६४ किलो असते. मधल्या संख्यांना जागाच नाही. आता या बेरजेत ३० किलोंचा एक तुकडा मिळविला. उत्तर जवळच्या संख्येकडे ढकलले जाते, आणि जवळची संख्या आधीचीच असते. बेरीज बदलत नाही. असे हजार तुकडे एकामागून एक मिळविले तरी ती बदलत नाही. तीस टन पोलाद प्रत्यक्षात अंगणात पडलेले असते आणि हिशेबात नसते. तेच हजार तुकडे आधी आपापसांत मिळवून मग एकदम मोठ्या बेरजेत घातले तर जवळजवळ सर्व वजन जमेस येते. म्हणजे या अंकगणितात बेरजेचा क्रमही उत्तर बदलू शकतो. शाळेत शिकलेला, कोणत्याही क्रमाने मिळवा, बेरीज तीच, हा नियम येथे पूर्णपणे लागू पडत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते गूढ नाहीत. पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावा. दहा पैसे म्हणजे दहा, त्यात तोडण्यासारखे काही नाही. किंवा प्रत्येक दशमान अंकाला चार स्वतंत्र बिट द्यावेत. १९५९ मग ०००१ १००१ ०१०१ १००१ असे लिहिले जाते. जागा अधिक लागते, परंतु दहाचा पाया कायम राहतो. वेतन आणि बँका यांच्या हिशेबांत ही रीत दीर्घकाळ वापरात आहे. घर निवडताना आजची सर्वांत मोठी संख्या न पाहता उद्याची पाहावी. आणि एका यंत्रणेकडून दुसरीकडे संख्या जाते तेथे, ती किती घरांची आहे, ऋण असू शकते काय, आणि तिचे एकक कोणते, या तीन गोष्टी दोन्ही बाजूंनी लिहून ठेवाव्यात.

संगणक आकडेमोडीत चुकत नाही, हे विधान बहुतांशी खरे आहे. परंतु तो ज्या संख्येवर आकडेमोड करतो ती संख्या प्रत्यक्षातील संख्या असेलच असे नाही. ठरावीक घरांत जेवढी मावली तेवढीच ती असते. रुळाची खरी लांबी रुळातच असते. नोंदीतील लांबी ही त्या रुळाविषयी माणसाने आणि यंत्राने केलेल्या कराराचे फळ होय. तो करार समजून घेणे हे केवळ अभियंत्याचे काम नाही. ज्याचे वेतन, ज्याचे तिकीट, ज्याचा प्रवास त्या आकड्यांवर अवलंबून आहे, त्या प्रत्येकाचे ते काम आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ६३ ही संख्या द्विमानात लिहा.
२. अकरा आणे उभ्या-आडव्या रेघांनी मांडा आणि त्यांचे द्विमान लेखन द्या.
३. १३० चे आठ बिट द्विपूरक पद्धतीने वाचले तर कोणती संख्या मिळेल?
४. एका बाइटात ३०० ठेवण्याचा प्रयत्न केला तर काय उरेल?
५. ४० पैसे रुपयाच्या द्विमान अपूर्णांकात अचूक मांडता येतील काय?

उत्तरे : १. ११११११. २. दोन उभ्या, तीन आडव्या, ०.१०११. ३. उणे १२६. ४. ४४. ५. नाही, ४० पैसे म्हणजे दोन पंचमांश रुपया, आणि पाचाने होणारा भाग निम्मे करीत जाऊन कधीच पुरा होत नाही.